भेरूघाट चढणाऱ्या पिकअपला आफ्टरमार्केट टर्बो : देवास नाक्यावरच्या वर्कशॉपचा अकरा महिन्यांचा अनुभव

आमची केळी पिकवण्याची वखार इंदूरला चोइथराम मंडीच्या परिसरात आहे. आठवड्यातून दोनदा आमची पिकअप रिकामी बऱ्हाणपूरला उतरते आणि केळीचे घड भरून परत येते. जाऊन-येऊन सुमारे चारशे किलोमीटरचा हा फेरा, आणि त्यातली खरी परीक्षा परतीच्या शेवटच्या टप्प्यात असते. मोरटक्क्याला नर्मदा ओलांडून बडवाह मागे पडले की निमाडचा तापलेला सखल भाग संपतो आणि भरल्या गाडीने आधी भेरूघाट आणि मग बाईग्रामचा चढ चढून माळव्याच्या पठारावर यावे लागते. गाडी 2013 सालची, बीएस-3 श्रेणीची, अडीच लिटरचे डिझेल इंजिन, मेकॅनिकल डिझेल पंप आणि टर्बोतून आलेली गरम हवा थंड करणारा छोटा इंटरकूलर असलेली. तिचा मूळ टर्बो, म्हणजे इंजिनात जादा हवा कोंबणारा भाग, दोन लाख किलोमीटरच्या थोडा अलीकडे निकामी झाला. त्यानंतर गाडीच्या कंपनीचा नव्हे, तर दुसऱ्या उत्पादकाने बनवलेला आफ्टरमार्केट टर्बो आम्ही देवास नाक्याजवळच्या एका वर्कशॉपमधून बसवून घेतला. त्याला अकरा महिने झाले असून त्यावर सुमारे 38,000 किलोमीटर धाव झाली आहे. वर्कशॉपच्या मालकांनी, ज्यांना सगळे काकाच म्हणतात, नाव छापू नये असे सांगितले आहे, कारण हातात असलेल्या गाड्याच वेळेवर देणे त्यांना जड जाते. त्यांची ही अडचण किती खरी आहे, याचा अनुभव पुढे आला आहे.

मूळ टर्बो जाण्याची लक्षणे आधीचे दोन महिने दिसत होती आणि ती आम्ही ओळखली नाहीत, हे प्रथम नोंदवते. दर फेऱ्याला इंजिन ऑइलची पातळी थोडी खाली जायची, सकाळी गाडी सुरू करताना निळसर धूर यायचा, टर्बोची बारीक शिट्टी हळूहळू कर्कश झाली होती आणि चढावर गाडी पूर्वीसारखी ओढत नव्हती. शेवटी ती ओढेनाशीच झाली, तेव्हा शहरातल्याच एका दुकानात 9,500 रुपयांत नवा म्हणून एक टर्बो बसवून घेतला. खोक्यावर नामांकित कंपनीचे नाव होते, मात्र टर्बोच्या पट्टीवर क्रमांक नव्हता. जुना काढला, नवा आवळला, दोन तासांत गाडी हातात दिली. बावीस दिवसांनी बलवाड्याच्या पुढे पांढऱ्या-निळ्या धुराचा लोट सोडत ती बंद पडली. गाडीत पंधरवड्याची मागणी असलेला माल होता आणि बाहेर मे महिन्याचे ऊन होते.

दुसऱ्या दिवशी टोचन करून गाडी काकांकडे नेली. काकांची उमेदीची वर्षे देवासच्या एका टर्बो कारखान्यात गेली आहेत. त्यांनी बॉनेट उघडण्याआधी विचारले, “ताई, पहिला टर्बो कशाने गेला?”

“वय झालं होतं त्याचं, काका. दोन लाख किलोमीटर होत आले होते.”

“मग दुसरा बावीस दिवसांत का गेला? कारण सापडल्याशिवाय मी तिसरा बसवणार नाही. तुमचे पैसे जातील आणि गाडी पुन्हा घाटात उभी राहील.”

या वर्कशॉपविषयी मला जे सांगायचे आहे त्याचा गाभा या दोन वाक्यांत आहे. टर्बो बदलून देणारे इंदूरमध्ये पुष्कळ आहेत, लोहामंडीत चौकशी केली तर अर्ध्या दिवसात चार भाव मिळतात. टर्बो मेला कशाने हे शोधायला मात्र वेळ द्यावा लागतो, आणि त्या वेळेचे पैसे कोणी सहसा मोजत नाही. काकांनी पूर्ण दीड दिवस त्यातच घालवला आणि सापडलेली प्रत्येक गोष्ट मला बोलावून दाखवली.

पहिली गोष्ट ऑइल नेणाऱ्या नळीची. टर्बोत एका दांड्याच्या एका टोकाला धुराच्या झोताने फिरणारे टर्बाइनचे चाक असते आणि दुसऱ्या टोकाला इंजिनात हवा कोंबणारे कॉम्प्रेसरचे चाक. या आकाराच्या टर्बोत तो दांडा मिनिटाला लाखाहून अधिक फेरे घेतो. इतक्या वेगात धातूवर धातू टिकणे शक्य नसते, म्हणून दांडा बेअरिंगमध्ये ऑइलच्या पातळ थरावर तरंगत फिरतो. त्या थरासाठी लागणारे ऑइल एका बारीक नळीतून येते. आमच्या गाडीतली ती नळी काकांनी लांबीला कापून दाखवली, तेव्हा आत जळालेल्या ऑइलचा काळा, कडक थर बसून छिद्र निम्म्याहून कमी उरले होते. नवा टर्बो बसवताना ही नळी बदललेलीच नव्हती.

दुसरी गोष्ट मला सर्वांत शिकवणारी वाटली. टर्बोतून ऑइल खाली परत जाते ते दाबाने नव्हे, आपल्या वजनाने, आणि बाहेर पडताना ते फेसाळलेले असते. म्हणून परतीची नळी रुंद असावी लागते, शक्य तितकी सरळ खाली उतरावी लागते, तिला कोठेही मोड किंवा चिमटा पडलेला चालत नाही. आमच्या गाडीत त्या नळीच्या जोडावर गॅस्केटऐवजी ट्यूबमधला सीलंट भरपूर फासला होता आणि आवळताना तो आतल्या बाजूला फुगून आला होता. त्यात भर म्हणून इंजिनच्या ब्रीदरची, म्हणजे आत साठणारे वायू बाहेर सोडणारी, नळी चिकटाने बुजली होती, त्यामुळे क्रँककेसमध्ये, म्हणजे इंजिनच्या खालच्या पोकळीत, दाब साठत होता आणि तो ऑइलला खाली उतरू देत नव्हता. टर्बोचे सील हे रबरी वायसर नसतात, ती पिस्टनच्या रिंगसारखी धातूची बारीक कडी असतात आणि तुंबलेले ऑइल अडवणे हे त्यांचे कामच नव्हे. परतीची वाट बंद झाली की ऑइल या कड्यांवरून हवेच्या बाजूला आणि धुराच्या बाजूला झिरपते, आणि मग सगळे म्हणतात की टर्बो ऑइल फेकतो. तो टर्बो बनावट असावा याबद्दल मला शंका नाही, पण त्या जागी अस्सल बसवला असता तरी फार दिवस टिकला नसता.

तिसरी गोष्ट इंटरकूलर उघडल्यावर दिसली. आत जवळजवळ अर्धा लिटर ऑइल साचले होते आणि त्यात कॉम्प्रेसरच्या तुटलेल्या पात्यांचे चमकणारे कण होते. ते तसेच राहिले असते तर नव्या टर्बोने दिलेली हवा ते कण थेट सिलिंडरमध्ये घेऊन गेली असती.

यानंतर कोणता टर्बो बसवायचा हा प्रश्न आला. जुन्या शरीरात नुसता कोर, म्हणजे दांडा, चाके आणि बेअरिंग असलेला मधला भाग, बदलणे हा स्वस्त मार्ग होता, पण तुटलेल्या पात्यांनी कॉम्प्रेसरचे घर आतून ओरबाडले होते, त्यामुळे तो मार्ग बंद झाला. गाडीच्या कंपनीच्या मूळ टर्बोचा भाव 31,000 रुपये निघाला आणि तो यायला तीन आठवडे लागणार होते. वाहन कंपन्यांनाही माल पुरवणाऱ्या एका भारतीय उत्पादकाचा आफ्टरमार्केट टर्बो 19,800 रुपयांना उपलब्ध होता. त्याच बैठकीत बसणारे त्याचे दोन प्रकार होते, एक मूळ मापाचा आणि दुसरा कॉम्प्रेसरचे चाक थोडे मोठे असलेला. आमच्या मंडीतले बहुतेक गाडीवाले सांगत होते की मोठा घ्या आणि पंपातून येणारे डिझेलही वाढवून घ्या, मग गाडी घाटात उडत जाईल.

काकांनी यातला अर्धा सल्ला मानला आणि अर्धा ठामपणे नाकारला, आणि त्यामागची कारणे प्रत्येक पिकअपवाल्याने समजून घ्यावीत अशी माझी कळकळ आहे. डिझेल जळायला त्याच्या वजनाच्या साडेचौदा पटींच्या आसपास हवा लागते, आणि धूर न होता नीट जळायला त्याहूनही बरीच अधिक. इंदूर समुद्रसपाटीपासून साधारण 550 मीटर उंच आहे. उन्हाळ्यात 43 अंशांची हवा या उंचीवर समुद्रकाठच्या 15 अंशांच्या हवेपेक्षा सुमारे 15 टक्क्यांनी विरळ असते. म्हणजे घाटमाथ्यावर ज्या वेळी इंजिनला सर्वाधिक हवा हवी, नेमकी त्याच वेळी ती कमी मिळते. डिझेल तेवढेच ठेवून हवा वाढवली तर ज्वलन स्वच्छ होते आणि धुराचे तापमान उतरते. हवा तेवढीच ठेवून डिझेल वाढवले तर काळा धूर येतो, तापमान चढते आणि त्याची झळ पिस्टन, व्हॉल्व्ह आणि टर्बाइन यांना बसते. शुद्ध अ‍ॅल्युमिनियम 660 अंश सेल्सिअसला वितळते आणि पिस्टनचा मिश्रधातू त्याच्या पुष्कळ आधी ताकद सोडू लागतो. पिस्टन वाचतो तो केवळ खालून ऑइल आणि बाजूने पाण्याचे जाकीट त्याची उष्णता सतत काढून नेतात म्हणून. “हवा वाढवू या, डिझेलच्या स्क्रूला हात लावायचा नाही,” असे काकांनी सांगितले आणि मोठ्या कॉम्प्रेसरचा प्रकार घेऊन वेस्टगेट, म्हणजे हवेचा दाब मर्यादेला पोहोचला की काही धूर टर्बाइनला वळसा घालून सोडणारी झडप, 1 बारवर लावायचे ठरले. मूळ टर्बोचा कमाल दाब 0.8 बार होता. ज्याला केवळ वेग हवा त्याला हा बदल फिका वाटेल. मालासह सुखरूप घरी यायचे असेल तर याहून अधिकाची गरज नाही, असे मी अकरा महिन्यांनंतर ठामपणे म्हणते.

टर्बो आल्यावर काकांनी पट्टीवरचा क्रमांक खोक्याशी आणि बिलाशी जुळवला, बॅलन्सिंगची चिठ्ठी मला दिली आणि दांडा बोटांनी हलवून दाखवला. कोरड्या टर्बोचा दांडा आडवा किंचित हलतो, ते स्वाभाविक आहे. मागेपुढे मात्र तो हाताला जाणवेल इतका सरकता कामा नये. बसवण्याच्या दिवशी मी सकाळपासून तिथेच बसले होते. ऑइल नेणारी आणि परत आणणारी अशा दोन्ही नळ्या नव्या घातल्या, पोकळ बोल्ट नवा घातला, ऑइलच्या कोणत्याही जोडाला सीलंट न लावता कागदी आणि धातूची गॅस्केटच वापरली. ब्रीदरची नळी बदलली. इंटरकूलर दोनदा धुऊन, वाळवून, आत उजेड टाकून तपासला. ऑइल आणि फिल्टर नवे घातले, एअर फिल्टरही नवा. टर्बोच्या तोंडात तेलाच्या कुपीने ऑइल भरून दांडा हाताने फिरवला, आणि मग डिझेल बंद ठेवून ऑइलचा दाब येईपर्यंत नुसता स्टार्टर मारला. पहिल्या सुरुवातीला टर्बो काही सेकंदही कोरडा फिरू नये म्हणून ही सगळी काळजी. त्यानंतर दहा मिनिटे गाडी रेस न करता उभी चालू ठेवली. हवेच्या पाइपांच्या सगळ्या क्लिपांवर साबणाचे पाणी टाकून बुडबुडे येतात का तेही पाहिले, कारण पाइप गळत असेल तर टर्बो गळालेली हवा भरून काढण्यासाठी अधिक वेगाने फिरत राहतो आणि चालकाला फक्त ओढ कमी झाल्याचे जाणवते.

टर्बाइनच्या घराशेजारून जाणारी डिझेलची रबरी नळी काकांनी बाजूला वळवून बांधली आणि मधे पत्र्याचे उष्णतारोधक आवरण घातले. भरल्या गाडीने घाट चढल्यावर रात्री ते घर लालसर दिसू शकते, आणि त्यावर डिझेलचे किंवा ऑइलचे चार थेंब पडले तरी आग लागायला पुरेसे असतात. ज्यांना टर्बो बसवायचा आहे त्यांनी एवढे एक काम तरी स्वतः डोळ्यांनी पाहून घ्यावे.

आता मीटरविषयी, कारण माझ्या मते खर्चातले सर्वांत सत्कारणी लागलेले 7,200 रुपये हेच. काकांनी तीन मीटर लावले: बूस्टचा, म्हणजे टर्बोने कोंबलेल्या हवेच्या दाबाचा, ऑइलच्या दाबाचा आणि धुराच्या तापमानाचा. तिसऱ्याचा संवेदक टर्बोच्या अलीकडे, एक्झॉस्ट मॅनिफोल्डमध्ये बसवला आहे. त्यासाठी मॅनिफोल्ड काढून, बाकावर घेऊन भोक पाडले, कारण गाडीवरच भोक पाडले असते तर लोखंडाचा भुसा नव्या टर्बाइनमध्ये गेला असता. आमचे चालक मामा पंचवीस वर्षे गाडी चालवतात. त्यांना सुरुवातीला हे मीटर अनावश्यक वाटले, पाण्याचा काटा आहे तेवढा पुरे असे त्यांचे म्हणणे होते.

पहिल्या भरल्या फेऱ्यात मी शेजारी बसले आणि वही घेऊन आकडे टिपले. आरसीवर नोंदवलेल्या वजनाच्या आत राहून सुमारे 1,200 किलो माल होता, दुपारचे चार वाजले होते. बडवाहपासून सपाटीवर धुराचे तापमान 380 ते 430 अंश राहिले. भेरूघाटात तिसऱ्या गिअरमध्ये इंजिनच्या मिनिटाला 2,200 फेऱ्यांवर बूस्ट 0.95 बार आणि तापमान 640 अंशांवर स्थिर झाले. पुढे चढ किंचित सौम्य झाला म्हणून मामांनी सवयीप्रमाणे चौथा टाकला. इंजिनचे फेरे 1,500 पर्यंत उतरले, बूस्ट 0.6 वर आला आणि पाय दाबून धरल्यावर तापमान पाहता पाहता 700 अंश ओलांडून गेले. पाण्याचा काटा या संपूर्ण वेळात जागचा हलला नव्हता. मामांनी पुन्हा तिसरा टाकला तेव्हा आवाज वाढला, पण अर्ध्या मिनिटात तापमान 630 वर आले. वरच्या गिअरमध्ये कमी फेऱ्यांवर इंजिनला रेटले की गाडी सावकाश चालल्यासारखी वाटते आणि आत सर्वाधिक तापते, हे पंचवीस वर्षे घाट चढलेल्या माणसालाही त्या मीटरनेच दाखवले. “ताई, हे आधी ठाऊक असतं तर जुना टर्बो आणखी चालला असता,” असे मामा त्या दिवशी चोरलच्या पुलावर म्हणाले.

तेव्हापासून आमच्या गाडीचा नियम असा आहे की 650 अंशांना पाय उचलायचा किंवा गिअर उतरवायचा आणि 700 अंश कधीही दिसू द्यायचे नाहीत. मोठ्या कॉम्प्रेसरमुळे आणखी एक गोष्ट सांभाळावी लागते. कमी फेऱ्यांवर एकदम पाय दाबला तर हवा मागे ढकलली जाऊन पंखांच्या फडफडीसारखा आवाज येतो. हा आवाज वारंवार होऊ दिला तर दांड्याच्या बेअरिंगवर मागेपुढे मार बसतो. तसेच 1,600 फेऱ्यांच्या खाली मूळ टर्बोपेक्षा ओढ उशिरा येते, आणि मंडीतल्या गर्दीत तर ते चांगलेच जाणवते. जी गाडी केवळ शहरात चालते तिच्यासाठी मी हा प्रकार सुचवणार नाही, तिला मूळ मापाचाच टर्बो योग्य.

घाट चढून आल्यावर इंजिन लगेच बंद करायचे नाही, हे बहुतेकांनी ऐकलेले असते, पण त्याचे कारण जाणल्यावर ते पाळले जाते. इंजिन बंद झाले की ऑइलचा प्रवाह थांबतो, टर्बाइनचे घर मात्र अजून तापलेलेच असते. ती उष्णता दांड्यावाटे बेअरिंगकडे येते आणि तिथे अडकलेले ऑइल जळून त्याचा कडक कोळसा होतो. आमच्या कापलेल्या नळीत दिसला तो हाच. आमच्या मार्गावर बाईग्राम चढून सिमरोळ आले की पुढे तेजाजी नगरपर्यंत रस्ता बराचसा सपाट आहे, त्या टप्प्यात हलक्या पायाने चालवल्याने टर्बो आपोआप निवतो आणि वखारीत पोहोचल्यावर एक मिनिट उभी चालू ठेवणे पुरते. घाटातच चहासाठी थांबायचे झाले तर मामा तीन मिनिटे थांबतात, मीटर 250 अंशांखाली आल्याशिवाय चावी फिरवत नाहीत. सकाळी सुरू केल्यावरही पहिले अर्धे मिनिट रेस करायची नाही, ऑइल वर चढू द्यायचे. ऑइल बदलण्याचे अंतर आम्ही 10,000 वरून 7,500 किलोमीटरवर आणले आहे.

काकांनी मामांना आणि मला समोर बसवून आणखी एक गोष्ट शिकवली, ती मला त्याआधी कोणीही सांगितली नव्हती. टर्बोचे सील एकदम गेले तर इंजिन स्वतःचेच ऑइल हवेबरोबर ओढून जाळू लागते आणि मग चावी बंद करून किंवा डिझेल तोडूनही ते थांबत नाही. पांढऱ्या धुराचा लोट सोडत फेरे वाढतच जातात आणि काही वेळात इंजिन फुटू शकते. अशा वेळी ब्रेक पूर्ण दाबून, गाडी सर्वांत वरच्या गिअरमध्ये टाकून क्लच सोडायचा, म्हणजे इंजिन दमून बंद पडते. ते साधले नाही तर हवेची वाट बंद करणे हाच उपाय उरतो, पण तिथे हात किंवा कापड कधीही लावायचे नाही, ते आत ओढले जाते. सपाट लाकडी फळी चालते, किंवा कार्बन डाय-ऑक्साइडच्या अग्निशामकाचा झोत आत सोडता येतो. आणि हे काहीच शक्य नसेल तर गाडीपासून दूर व्हायचे, इंजिनापेक्षा माणूस मोलाचा. आमच्या गाडीत आता फळी आणि अग्निशामक दोन्ही सीटमागे असतात.

कायद्याची बाजू थोडक्यात. मोटार वाहन कायदा, 1988 च्या कलम 52 नुसार आरसीत नोंदलेले तपशील उत्पादकाच्या मूळ तपशिलांपेक्षा वेगळे ठरतील असा बदल वाहनात करता येत नाही, आणि 2019 च्या दुरुस्तीनंतर कलम 182-अ खाली अशा प्रत्येक बदलासाठी 5,000 रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकतात. आम्ही इंजिन, त्याची क्षमता आणि डिझेल पंप मूळचेच ठेवले, टर्बोचे पक्के बिल घेतले, काम हाती घेण्याआधी विमा कंपनीला लेखी कळवले आणि तिचे उत्तर आल्यावरच पैसे भरले. पीयूसीच्या तपासणीत धूर पूर्वीपेक्षा स्पष्टपणे कमी निघाला. बीएस-6 गाडीत धुराचा फिल्टर, सेन्सर आणि इंजिनचा संगणक हे सगळे टर्बोशी बांधलेले असते, तिथे मूळ क्रमांकाच्या टर्बोखेरीज दुसरे काही बसवण्याच्या फंदात पडू नये.

वर्कशॉपविषयी माझ्या तक्रारी दोन आहेत. तीन दिवसांत गाडी देतो असे सांगून सातव्या दिवशी दिली, आणि त्या काळात भाड्याची गाडी लावून माल आणावा लागला. उशीर होणार हे आधी फोन करून सांगितले असते तर बागाईतदारांना घड उतरवायला थांबवता आले असते. दुसरी तक्रार अधिक गंभीर आहे. दोन महिन्यांनी एका थंड पहाटे बूस्टचा काटा 1.3 बारच्या वर गेला. मामांनी लगेच पाय उचलला आणि गाडी हळू चालवत इंदूरला आणली. काकांनी पाहिले तर वेस्टगेटला दाब पोहोचवणाऱ्या लहान रबरी नळीची क्लिप सैल राहून नळी निसटली होती. दाब न पोहोचल्याने वेस्टगेट उघडतच नव्हते आणि टर्बो मर्यादेपलीकडे हवा कोंबत होता. मीटर नसता तर हेड गॅस्केट जाईपर्यंत आम्हाला कळले नसते. चूक वर्कशॉपचीच होती. काकांनी ती कोणतीही सबब न सांगता मान्य केली, नळी आणि क्लिप दोन्ही बदलून दिल्या, दांड्याचा खेळ पुन्हा तपासला आणि एक पैसाही घेतला नाही. त्यानंतर ते प्रत्येक गाडीची ही क्लिप 500 किलोमीटरनंतर बोलावून तपासतात, असे त्यांच्या मुलाने सांगितले.

एकूण खर्च असा झाला: टर्बो 19,800, नळ्या, बोल्ट आणि गॅस्केट 2,400, मीटर 7,200, ऑइल आणि फिल्टर 3,600, इंटरकूलरची सफाई 1,200 आणि मजुरी 5,000, म्हणजे 39,200 रुपये. डिझेलच्या बचतीतून हे पैसे भरून निघतील अशी आशा कोणी धरू नये. आमचे सरासरी अंतर लिटरला 11.4 वरून 11.9 किलोमीटरवर गेले आहे, एवढेच. भेरूघाटात मात्र पूर्वी दुसऱ्या गिअरमध्ये रखडणारी गाडी आता तिसऱ्यात एकसारखी चढते, मागे ट्रकांची रांग लागत नाही, आणि ऑइल दोन बदलांच्या मधे एकदाही वरून भरावे लागलेले नाही. ओढ वाढली म्हणून एक घडही आम्ही जास्त भरलेला नाही, कारण ब्रेक आणि पाटे जुन्याच क्षमतेचे आहेत आणि रिकामी गाडी जो घाट उतरते तोच घाट कधी भरल्या गाडीनेही उतरावा लागतो.

टर्बोला मी पाचांपैकी साडेचार देते, अर्धा गुण कमी फेऱ्यांवरच्या उशिरासाठी कापून. वर्कशॉपला चार. पुढच्या महिन्यात 40,000 किलोमीटर पूर्ण होतील तेव्हा इंटरकूलरचा खालचा पाइप काढून आतले ऑइल मोजायचे आणि दांड्याचा खेळ पुन्हा पाहायचा, असे काकांशी ठरले आहे, आणि या वेळी गाडी त्याच संध्याकाळी परत मिळेल असे त्यांनी माझ्या वहीत स्वतःच्या हाताने लिहून दिले आहे.